घोडा का उसळतो? : विश्वासाचा एक जुना इतिहास

आपल्याकडे एक जुनं कोडं आहे. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? तिन्हींचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. लहानपणी आपण सगळ्यांनी हे ऐकलं, हसलो आणि पुढे गेलो. आज आम्हाला त्या कोड्यातल्या घोड्याविषयी बोलायचं आहे. बघा, घोडा अडला याचा दोष कोड्याने घोड्याला दिलेला नाही. भाकरी काही दुष्टपणाने करपत नाही. ज्याने ती फिरवायची तो विसरला. तसंच घोड्याचं.

आणि याच मराठीत घोडा शिकवून तयार करणाऱ्या माणसाला जुना शब्द कोणता? चाबूकस्वार. म्हणजे एका भाषेत दोन मतं नांदतात. एक म्हणतं, घोडा बिघडला तर आधी आपलं काय चुकलं ते बघा. दुसरं म्हणतं, चाबूक आणा. आमचं आजचं म्हणणं असं आहे की माणूस आणि घोडा यांचा तीन-साडेतीन हजार वर्षांचा लेखी इतिहास या दोन मतांमधल्या ओढाताणीचा आहे. पहिलं मत फार पूर्वीच सापडलेलं होतं, पण ते पुन्हा पुन्हा हरवत गेलं.

हा विषय आमच्याकडे पुस्तकातून आला नाही. दोन वर्षांपूर्वी आमची नात, तेव्हा चौदा वर्षांची, शहराबाहेर घोडेस्वारी शिकायला जायची. तिला जी घोडी मिळाली होती ती एरवी अगदी गरीब. महिन्यातून एकदा-दोनदा मात्र चालता चालता डोकं खाली घालायची, पाठीची कमान करायची आणि मागचे पाय झाडत उसळी मारायची. इंग्रजीत याला बकिंग म्हणतात. तिथल्या शिक्षकांचं निदान पक्कं होतं : खोड आहे, मोडली पाहिजे. एका रविवारी आमच्या डोळ्यांदेखत नात पडली आणि तिचं मनगट मोडलं. आम्ही कट्ट्यावरून उठलो आणि आमच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे : जनावराचा काय भरवसा!

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने असं वाक्य बोलावं आणि सोडून द्यावं, हे बरोबर नाही. भरवसा म्हणजे काय? माणसावर आपण भरवसा ठेवतो तेव्हा त्याने काहीतरी शब्द दिलेला असतो, निदान देऊ शकत असतो. घोडा शब्द देऊ शकत नाही. मग जो वचन देऊ शकत नाही त्याच्यावर विश्वास ठेवणं म्हणजे नेमकं काय करणं? आणि उलट बाजूने, तो आपल्यावर विश्वास ठेवतो म्हणजे काय करतो?

इथे आम्हाला आमच्याच विषयाची एक कबुली द्यावी लागेल. तत्त्वज्ञानात घोडे पुष्कळ आहेत, पण ते सगळे उपमेतले. कठोपनिषदाच्या तिसऱ्या वल्लीत शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. ज्याचं मन ताब्यात नाही त्याची इंद्रियं दुष्ट घोड्यांसारखी. तिकडे ग्रीसमध्ये प्लेटोने 'फीड्रस' या संवादात आत्म्याचा रथ रंगवला. त्यात एक घोडा शहाणा आणि दुसरा काळा, आडदांड, चाबकालाही न जुमानणारा. सारथी त्या काळ्या घोड्याचा लगाम इतक्या जोराने ओढतो की त्याची जीभ आणि जबडा रक्तबंबाळ होतो. असं अनेकदा झाल्यावर तो घोडा भीतीने नमतो. आम्ही हे दोन्ही उतारे वर्षानुवर्षं शिकवले, त्यांची तुलना केली, त्यावर परीक्षेत प्रश्न काढले. घोड्याच्या तोंडातून रक्त येतंय याकडे आमचं एकदाही लक्ष गेलं नाही. उपमेतल्या घोड्याला दुखत नाही ना! शिवाय उपमेतला घोडा दुष्ट असला की तो मुळातच दुष्ट असतो, त्याला कारण लागत नाही. खऱ्या घोड्याला कारण असतं.

ते कारण थोडक्यात सांगतो. घोडा हा शिकार होणारा प्राणी. मोकळ्या माळावर त्याच्या पाठीवर अचानक वजन येतं ते वाघ-सिंहासारख्या जनावराचं. मग डोकं खाली, पाठ वर, उसळी, आणि वजन खाली पडेपर्यंत थांबायचं नाही. त्याच पाठीवर, त्याच जागी आपण जाऊन बसतो. तेव्हा आश्चर्य घोडा कधीकधी उसळतो याचं नाही. बहुतेक वेळा तो उसळत नाही, याचं आश्चर्य वाटायला हवं. ही मुभा त्याने आपल्याला दिलेली आहे, आणि ती मिळवायची कशी हाच अश्वविद्येचा खरा प्रश्न.

घोडा शिकवण्याबद्दलचा जुन्यातला जुना सविस्तर मजकूर इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासचा आहे. आजच्या तुर्कस्तानात हित्ती लोकांची राजधानी हत्तुशा होती. तिथे मातीच्या विटांवर कोरलेला हा मजकूर सापडला. सांगणारा आहे किक्कुली, मितन्नी देशाचा अश्वशिक्षक. मराठी माणसाला या विटांमध्ये एक गंमत सापडते. घोड्याला किती फेऱ्या द्यायच्या त्याचे शब्द आहेत ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात फेऱ्या. आपल्या आकड्यांचे हे चुलतभाऊच. पण आज आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. किक्कुली घोड्याच्या स्वभावाबद्दल जवळजवळ बोलतच नाही. तो दिनक्रम सांगतो : आज किती अंतर, किती दाणा, पाणी केव्हा, अंघोळ केव्हा, झूल केव्हा. असं काही महिने, दिवसामागून दिवस. जो शब्द देऊ शकत नाही त्याच्याशी बोलायची पहिली भाषा ही : उद्याचा दिवस कालच्यासारखाच असेल, याची त्याला खात्री पटवणं.

स्वभावाबद्दल बोलणारा भेटतो तो आणखी हजार वर्षांनी. तो म्हणजे झेनोफन. प्लेटोचा समकालीन आणि त्याच्यासारखाच सॉक्रेटिसच्या सहवासातला, पण धंद्याने सैनिक, हयात घोड्यावर गेलेली. इ.स.पू. चौथ्या शतकात त्याने अश्वारोहणावर एक छोटं पुस्तक लिहिलं. एका गुरूचे दोन शिष्य, आणि घोड्याकडे बघण्यात किती फरक! झेनोफन सांगतो की शिंगराची भूक, तहान आणि माशांचा त्रास माणसाच्या हातून दूर झाला पाहिजे. मग ते माणसाची वाट बघू लागतं. घोड्याला जिथे हात फिरवलेला आवडतो तिथे आधी हात फिरवा. त्याला गर्दीतून, गोंगाटातून न्या. बुजला तर चिडू नका, ही वस्तू भिण्यासारखी नाही हे शांतपणे दाखवा. आणि सगळ्यांत मोठा नियम : रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नका. रागाला पुढचं दिसत नाही, आणि मग नंतर पस्तावा होईल असं काहीतरी हातून घडतं.

त्याचा एक मुद्दा तर आम्हाला थक्क करून गेला. घोडा एखाद्या वस्तूला बुजला आणि आपण त्याला मारलं, तर काय होतं? झेनोफन म्हणतो, तो आणखी बुजतो. कारण घोड्याला वाटतं की जे दुखलं ते त्या वस्तूमुळेच दुखलं. माराचं कारण तुम्ही तुमच्या मनात जोडता, घोडा ते दुसरीकडेच जोडतो. विसाव्या शतकात मानसशास्त्राने प्रयोगशाळेत जे मांडलं, ते या सैनिकाने तबेल्यात उभं राहून ओळखलं होतं. शिवाय त्या काळी ग्रीकांकडे रिकीब नव्हती. पाठीवर फार तर कापड. घोड्याने मनात आणलं तर स्वार क्षणात जमिनीवर. घोड्याची मर्जी हीच त्याची सुरक्षितता होती.

पण झेनोफन भाबडा नाही. घोड्याच्या अगदी समोरून किंवा शेपटीकडून जवळ जाऊ नका, बाजूने जा. पाय साफ करताना खांद्याशी, घोड्याच्या उलट तोंड करून बसा, म्हणजे खूर तोंडावर येणार नाही. लगाम नसताना घोडा बाहेर न्यायचा तर त्याला मुसकी बांधा. हे तो आवडत्या, शिकवलेल्या घोड्याबद्दल सांगतोय. आज आपल्याला माहीत आहे की घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर आणि शेपटीमागे थोडी जागा आंधळी असते. म्हणजे सावधगिरी आणि विश्वास एकमेकांच्या विरोधात नाहीत. बाजूने जाणाऱ्या माणसाला लाथही बसत नाही, आणि घोडाही दचकत नाही. एकाच कृतीने दोघं सुरक्षित होतात.

अलेक्झांडर आणि ब्युसेफॅलसची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. ती सांगणारा प्लूटार्क चारशे वर्षांनंतरचा, तेव्हा त्यातला शब्दन् शब्द खरा मानायचं कारण नाही. पण गोष्टीचा गाभा बघा. तेरा टॅलंट किंमत मागितलेला घोडा कोणाला पाठीवर बसू देत नाही. मोठे मोठे जाणकार त्याला निकामी ठरवतात. पोरगा अलेक्झांडर बघतो की घोडा स्वतःच्या सावलीला भितोय. तो त्याचं तोंड सूर्याकडे वळवतो, थोपटतो, बरोबर चालतो आणि मग बसतो. इतरांनी घोड्यात दोष शोधला, या मुलाने घोड्याला काय दिसतंय ते शोधलं.

आता आपल्या दख्खनकडे या. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांचं सैन्य उभं राहिलं. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा गेला म्हणजे त्याची पोटापाण्याची सोयच गेली. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे : पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, पावसाळ्यात छावणी, गवताने शाकारलेली जागा, दाणा, औषध. महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्र तर प्रसिद्धच आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच पत्रात घोड्यांचीही काळजी आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल. आमच्या मते कोड्यातलं 'न फिरवल्यामुळे' आणि पत्रातलं हे बजावणं, दोन्हींचा न्याय एकच. घोड्याच्या हालाचा जाब माणसाने द्यायचा.

हे शहाणपण हरवत कसं गेलं? १५५० साली नेपल्सच्या ग्रिझोनेचं अश्वविद्येवरचं पुस्तक छापलं गेलं आणि युरोपभर गाजलं. त्यात घोड्याला थोपटायलाही सांगितलंय, पण अडणाऱ्या घोड्यामागे लांब काठीला बांधलेलं मांजर धरण्यासारखे उपायही आहेत. ग्रीक विद्येचा जीर्णोद्धार करणाऱ्याच युगात झेनोफनचा मुख्य नियम असा बाजूला पडला. कारण सोपं आहे. दरबारात घोडा चटकन नमलेला दिसावा लागतो. भीतीने घोडा आज नमतो. विश्वासाला महिने लागतात.

या घाईचं सगळ्यांत बोलकं उदाहरण एकोणिसाव्या शतकातलं. अमेरिकेत ओहायोमधल्या ग्रोव्हपोर्ट गावात १८२७ साली जन्मलेला जॉन रेअरी. १८५८ मध्ये त्याने इंग्लंड हलवून सोडलं. क्रूझर नावाचा शर्यतीचा घोडा इतका मारका झाला होता की त्याच्या तोंडावर लोखंडी मुसकं असायचं, आणि दाणा द्यायलाही लोक भ्यायचे. रेअरीने त्याला काही तासांत वळवलं आणि नंतर खेळांत लोकांसमोर आणलं. व्हिक्टोरिया राणीने विंडसरला त्याचे प्रयोग पाहिले. दहा गिनी घेऊन, गुप्ततेची शपथ घालून तो आपली विद्या शिकवायचा. विद्या काय होती? घोड्याचा पुढचा एक पाय पट्ट्याने दुमडून बांधायचा, दमला की हळूहळू आडवा करायचा, आणि आडवा असताना अंगभर प्रेमाने हात फिरवायचा. मारायचं नाही, ओरडायचं नाही.

रेअरीबद्दल आमचं मन दुहेरी आहे. घोड्याची खोड भीतीतून येते, दुष्टपणातून नाही, हे त्याने हजारो लोकांना पटवलं, आणि त्यामुळे कितीतरी घोड्यांचा मार वाचला. पण आडवा पाडलेला, पळू न शकणारा घोडा शांत होतो, तो विश्वासाने की हतबल होऊन? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. रेअरी १८६६ मध्ये वारला. क्रूझर पुढे नऊ वर्षं जगला, आणि त्याचा जुना मारकेपणा परत आला असं सांगतात. विश्वास एका माणसापुरता होता. तो कोणी रोज नव्याने चालू ठेवला नाही. किक्कुलीच्या विटा इथे आठवतात. विश्वास एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही, तो दिनक्रमासारखा चालवावा लागतो.

आणखी एक घोडा, मग शेवटाकडे येतो. बर्लिनमध्ये फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०४ मध्ये त्याची चौकशी झाली, आणि ऑस्कर फुंग्स्टने १९०७ मध्ये उलगडा प्रसिद्ध केला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि हान्स तिथे थांबायचा. लोक म्हणाले, घोडा फसवा निघाला. आम्हाला उलट वाटतं. जे माणसाला स्वतःच्या अंगातलं कळलं नाही, ते घोड्याला कळलं. पाठीवर बसलेल्या माणसाचा रोखलेला श्वास, आवळलेल्या मांड्या, ताठ मनगट त्याला कळणार नाही का? एकदा पडलेला स्वार भीत भीत बसतो, घोड्याला वाटतं भिण्यासारखं काहीतरी जवळ आलंय, आणि तो पुन्हा उसळतो. मग आपण म्हणतो, बघा, खोडच आहे!

आता आमच्या नातीच्या घोडीकडे परत. नात पडल्यावर शिक्षक चाबूक शोधत होते. तिथले म्हातारे सईस मात्र घोडीजवळ गेले, बाजूने. त्यांनी तंग सैल केला, खोगीर उतरवलं आणि आम्हाला हाक मारली, "सर, इथं जरा हात लावून बघा." मानेच्या मागे, पाठ सुरू होते तिथे, आम्ही हात ठेवला. घोडीची कातडी थरथरली. खोगीर अरुंद होतं, एका बाजूने रुतत होतं, आणि आत गाठ आली होती. रोज दुखत नसेल. चढावर, वळणावर, जास्त वेळ झाला की दुखत असेल. म्हणून 'मधूनच' उसळायची. ती महिनोन्महिने तेच सांगत होती.

हे निदान आज शास्त्रानेही मांडलं आहे. ब्रिटिश पशुवैद्यक सू डायसन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये, स्वारीच्या वेळी घोड्याला दुखतंय हे ओळखण्यासाठी चोवीस वर्तनांची यादी प्रसिद्ध केली. त्यातली आठ किंवा जास्त दिसली तर दुखण्याची शंका घ्यावी. मागचे पाय झाडणं, उसळणं त्या यादीत आहे. म्हणून घोडा उसळू लागला तर क्रम असा ठेवावा. आधी पाठ, दात, खूर, खोगीर तपासा. मग बघा की दाणा जास्त आणि फिरणं कमी असं तर होत नाही, आपलं कोडं! बसण्याआधी लांब दोरीवर त्याला मोकळा फिरवून घ्या. मग आपली बैठक, आपली भीती तपासा. आणि हे सगळं झाल्यावर शिक्षणाकडे वळा. कारण हेही खरं की उसळी मारली की स्वार उतरतो, काम संपतं, असं दहादा झालं तर निरोगी घोडासुद्धा ती युक्ती शिकतो. तेव्हा रागावायचंही नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. उसळायला घोड्याला डोकं खाली घालावं लागतं; डोकं वर आणि एका बाजूला वळतं ठेवलं, शांतपणे पुढे चालवलं, की उसळीतला जोर जातो. हे जाणत्याच्या देखरेखीखालीच करायचं. हेल्मेट नेहमी. एकट्याने कधीच नाही.

घोडीला काही आठवडे विश्रांती दिली, खोगीर बदललं. मनगट जुळल्यावर नात परत गेली. आम्ही विरोध केला, हे लपवत नाही. ती म्हणाली, "आजोबा, चूक तिची नव्हती ना, मग शिक्षा तिला का?" पहिला महिनाभर ती पाठीवर बसलीच नाही. सईसकाकांबरोबर खरारा करायची, तोबरा बांधायची, घोडीला हाताने धरून फिरवायची. घोडी नंतरही एकदा उसळली, रस्त्यावर फटाका वाजला तेव्हा. नात पडली नाही. पण पडूही शकली असती.

आमच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथपर्यंत सापडलं. जो वचन देऊ शकत नाही त्याच्यावर विश्वास ठेवणं म्हणजे तो कधीच उसळणार नाही असं मानणं नव्हे. तो उसळला तर त्याला कारण असेल, आणि ते शोधायची जबाबदारी आपली, असं मानणं. आणि त्याने आपल्यावर विश्वास ठेवणं म्हणजे त्याने हळू आवाजात सांगितलेलं आपण ऐकतो, याचा अनुभव त्याला पुन्हा पुन्हा येणं. ज्याचं हळू आवाजात ऐकलं जातं, त्याला उसळायची वेळ क्वचित येते. हे घोड्यापुरतं आहे की घरातल्या माणसांनाही लागू आहे, ते तुम्ही ठरवा. कठोपनिषदातली ती वल्ली मात्र आम्ही आता वाचतो तेव्हा सारथ्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो : बाबा रे, घोडे दुष्ट म्हणतोस, पण खोगीर उतरवून त्यांची पाठ कधी बघितलीस का?

प्रश्न असतील तर घेऊ.